नोव्हेंबरमधली सही

१. ‘लवकर’ म्हणजे नेमकं काय?

“लवकर अर्ज केला तर अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळणं सोपं जातं का?” मूल बारावीत गेलं आणि परदेशातल्या पदवीचा विचार सुरू झाला, की जुलै-ऑगस्टच्या सुमारास हा प्रश्न घरात येतो. कोथरूडमध्ये येतो तसा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही येतो. विचारणाऱ्याची समजूत साधी असते: जागा मोजक्या, त्या भरत जाणार, तेव्हा आधी पोचलेलं बरं.

काही विद्यापीठांच्या बाबतीत ही समजूत बरोबर आहे. पण ज्या नामांकित खासगी कॉलेजांची नावं घेऊन हा प्रश्न विचारला जातो, तिथे दोन महिने आधी अर्ज पोचल्याचं कुणाला कौतुक नसतं. तिथे विद्यार्थी अर्जाबरोबर एक हक्क सोडून देतो: इतर कॉलेजं काय देऊ करतात ते पाहून मग निवड करण्याचा. त्याच्या मोबदल्यात त्याला प्रवेशाची शक्यता थोडी वाढवून मिळते. हा सरळ व्यवहार आहे. आपण काय देतोय, काय मिळतंय आणि जे देतोय त्याची आपल्या घरात किंमत किती, हे तीन प्रश्न कुठल्याही व्यवहारात विचारतो तसे इथेही विचारायचे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फीचा आकडा काहीही आला तरी ज्यांची निवड बदलणार नाही, त्यांना हा हक्क सोडताना काहीच गमवावं लागत नाही. बाकीच्यांनी सही करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. पुढची पानं त्या बाकीच्यांसाठी.

२. अर्जाचे प्रकार आणि तारखा

अमेरिकेतल्या बहुतेक खासगी कॉलेजांचा अर्ज ‘कॉमन ॲप’ या एकाच संकेतस्थळावर भरतात. तो दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. नेहमीच्या मार्गाला ‘रेग्युलर डिसिजन’ म्हणतात. त्याची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला संपते, निकाल मार्चअखेर लागतात आणि कुठे जाणार ते १ मेपर्यंत कळवायचं असतं. या वेळापत्रकात एप्रिल महिना सगळ्यात मोलाचा. हातात दोन-चार होकार असतात, प्रत्येकाबरोबर पैशांचा आकडा असतो आणि आजवर कॉलेजं विद्यार्थ्याला तोलत होती, आता विद्यार्थी कॉलेजांना तोलतो.

लवकरच्या अर्जाची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर असते. त्याचे प्रकार नीट वेगळे ओळखले पाहिजेत, कारण नावं सारखी वाटतात आणि परिणाम फार वेगळे होतात.

‘अर्ली ॲक्शन’मध्ये बंधन नसतं. अर्ज लवकर, निकाल डिसेंबर-जानेवारीत, उत्तर मात्र मेपर्यंत दिलं तरी चालतं. पर्ड्यू, जॉर्जिया टेक, अर्बाना-शँपेनचं इलिनॉय विद्यापीठ, एमआयटी ही आपल्या इंजिनिअरिंगवाल्या मुलांच्या यादीत हमखास असणारी नावं या प्रकारात येतात.

‘रिस्ट्रिक्टिव्ह’ किंवा ‘सिंगल-चॉइस अर्ली ॲक्शन’ हा हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा मार्ग. प्रवेश मिळाला तर घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण त्या फेरीत दुसऱ्या खासगी कॉलेजाला लवकरचा अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांना सहसा करता येतो. म्हणजे प्रिन्स्टन आणि पर्ड्यू एकाच वेळी जमतं, प्रिन्स्टन आणि एमआयटी जमत नाही.

‘अर्ली डिसिजन’ हा बांधून घेणारा प्रकार. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न अशा अनेकांकडे तो आहे. असा अर्ज एकाच कॉलेजाला करायचा, डिसेंबरच्या मध्याला निकाल येतो आणि होकार आला तर तिथे जायचंच. बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. शिकागो, एनवाययू, व्हँडरबिल्ट, टफ्ट्स अशा काही ठिकाणी याचीच दुसरी फेरी असते. तिची मुदत जानेवारीत संपते आणि निकाल फेब्रुवारीत येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे केंद्रं या सगळ्यापासून अलिप्त आहेत. तिथे लवकरची फेरी नाही. सगळ्यांना नोव्हेंबरअखेरची एकच मुदत. शिवाय काही विद्यापीठं अर्ज येतील तसे तपासून निकाल देत जातात. तिथे मात्र आधी पोचणाऱ्याचा खरोखर फायदा होतो.

बंधन नसलेल्या अर्ली ॲक्शनबद्दल फार चर्चा करण्यात अर्थ नाही. अर्ज तयार असेल तर करावा. पर्ड्यूसारख्या ठिकाणी मागणी असलेल्या शाखांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी नोव्हेंबरची तारीख गाठणं हिताचंच ठरतं. डोकं चालवावं लागतं ते अर्ली डिसिजनसाठी, म्हणून आता तेवढ्यावरच बोलू.

३. अकरावीच्या प्रवेशातला एक नियम

महाराष्ट्रातल्या पालकांना अर्ली डिसिजन समजावून सांगायला अकरावीची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया पुरते. पसंतीक्रम भरताना जे कॉलेज पहिलं लिहिलं, ते पहिल्या फेरीत लागलं तर घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिलं नाव लिहिताना घरात वाद होतात, शेजारच्या ताईला विचारलं जातं, मागच्या वर्षीचा कटऑफ पाहिला जातो. ‘पहिली पसंती ही बांधिलकी आहे’ ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही.

पण एक फरक आहे आणि तोच कळीचा आहे. अकरावीत जागा टक्केवारीवर मिळते. रुईया पहिलं लिहिलं म्हणून रुईया कुणाला दोन टक्के जास्त देत नाही. पसंती फक्त क्रम ठरवते, पात्रता वाढवत नाही. अमेरिकेत मात्र ‘तुम्हीच माझी पहिली पसंती आणि मी लेखी देतो’ असं म्हटल्याने स्वतःची बाजू वजनदार होते. एकाच गुणवत्तेच्या दोघांपैकी एकाने नोव्हेंबरमध्ये सही केली आणि दुसऱ्याने जानेवारीत साधा अर्ज केला, तर पहिल्याला झुकतं माप मिळतं. केवळ शब्द दिल्याबद्दल एवढं का मिळावं? त्यासाठी कॉलेजच्या बाजूने हिशेब करून पाहू.

४. कॉलेजची चिंता

समजा, एका कॉलेजात १,००० जागा आहेत आणि २०,००० अर्ज आले. अनुभवाने कॉलेजला माहीत आहे की आपण बोलावलेल्या तिघांपैकी एकच येतो. बाकीचे दोघे दुसरीकडे जातात. म्हणजे १,००० जागा भरायला ३,००० जणांना होकार द्यावा लागेल. बोलावलेल्यांपैकी किती टक्के आले या प्रमाणाला प्रवेश कार्यालयांच्या भाषेत ‘यील्ड’ म्हणतात. इथे ते ३३ टक्के आहे आणि प्रवेशाचा दर १५ टक्के.

आता याच कॉलेजने ५०० जागा अर्ली डिसिजनमधून भरल्या. बांधून घेतलेले विद्यार्थी जवळजवळ सगळेच येतात, म्हणून ५०० जागांना ५०० होकार पुरले. उरलेल्या ५०० जागांसाठी तिप्पट, म्हणजे १,५०० होकार. एकूण २,०००. अर्ज तेवढेच, जागा तेवढ्याच, इमारतीत एक वीटही नवी नाही, पण प्रवेशाचा दर १५ वरून १० टक्क्यांवर आला. कॉलेज एका वर्षात ‘जास्त अवघड’ झालं! यील्ड ३३ वरून ५० टक्क्यांवर गेलं. वसतिगृहात किती खाटा लागतील, पहिल्या वर्षाची फी किती जमेल, याचा निम्मा अंदाज डिसेंबरातच पक्का झाला.

कॉलेजांच्या क्रमवारीला यातला कोणता भाग भुलवतो हे उघड आहे. ‘यू. एस. न्यूज’ या प्रसिद्ध क्रमवारीने २००३ मध्ये यील्ड मोजणं सोडलं, पुढे २०१८ मध्ये प्रवेशाचा दर मोजणंही सोडलं. तरी अर्ली डिसिजन कमी झालं नाही. क्रमवारी हे एक कारण होतं. जागा वेळेत आणि खात्रीने भरणं हे त्याहून जुनं आणि टिकाऊ कारण आहे.

यावर अमेरिकेत टीका झाली नाही असं नाही. सप्टेंबर २००१ च्या ‘अटलांटिक’ मासिकात जेम्स फॅलोज यांनी या पद्धतीवर सडकून लिहिलं. पुढच्याच वर्षी येल आणि स्टॅनफर्ड यांनी बांधून घेणारी फेरी सोडल्याचं जाहीर केलं. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी लवकरची फेरीच बंद करून टाकली. ही फेरी सधन, माहीतगार घरांच्या मुलांना झुकतं माप देते, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे मागोमाग येतील अशी आशा होती. व्हर्जिनिया विद्यापीठ सोडलं तर मोठं कुणी फारसं आलं नाही. २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या दोघांनीही बंधन नसलेली फेरी पुन्हा सुरू केली आणि व्हर्जिनियाने तर २०१९ मध्ये अर्ली डिसिजनही परत आणलं. अलीकडे २०२३ मध्ये व्हर्जिनिया टेकने ते बंद केलं, तर मिशिगन विद्यापीठाने २०२५ च्या हंगामापासून ते पहिल्यांदाच सुरू केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ नामांकित कॉलेजांविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. ही पद्धत स्पर्धा मारते आणि फी चढी ठेवते, असा आरोप त्यात आहे. दाव्याचं काय व्हायचं ते होवो. आज अर्ज करणाऱ्याला आजच्या नियमांनीच खेळावं लागणार.

५. टक्केवारी वाचताना

आता फायद्याची बाजू. ब्राउन विद्यापीठात २०२४ साली दाखल झालेल्या तुकडीचे आकडे घेऊ. लवकरच्या फेरीत ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना होकार मिळाला: १४.४ टक्के. नेहमीच्या फेरीत ४२,६३७ अर्ज आले आणि होकार १,६२३: ३.८ टक्के. जवळजवळ चौपट फरक. हे पाहून कुणीही म्हणेल की नोव्हेंबरमध्ये सही केली नाही तो वेडा.

थांबा. ‘लवकर अर्ज केल्याने माझी शक्यता चौपट झाली’ असा याचा अर्थ होत नाही. त्या ६,२४४ अर्जांत कोण कोण असतं ते पाहायला हवं. कॉलेजच्या संघांसाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू याच फेरीत येतात. त्यांचा प्रवेश जवळपास ठरलेला असतो. माजी विद्यार्थ्यांची मुलंही बरीचशी इथेच असतात. शिवाय नोव्हेंबरपर्यंत अर्ज तयार ठेवणारा विद्यार्थी सरासरीने जरा अधिक तयारीचा असतो.

छोटं उदाहरण करू. समजा, लवकरच्या फेरीत १,००० अर्ज आले आणि २०० जणांना घेतलं. दर २० टक्के. त्या हजारांत १०० अर्ज हेरलेल्या खेळाडूंचे होते आणि त्यांतले ९० आत गेले. मग उरलेल्या ९०० साध्या विद्यार्थ्यांना जागा राहिल्या ११०, म्हणजे सुमारे १२ टक्के. जाहीर झाला २० टक्के दर, सांगलीच्या किंवा सिएटलच्या साध्या मुलाच्या वाट्याला आला तो १२. अशी चाळणी लावली की फरक आटतो. शून्यावर मात्र येत नाही.

तो किती उरतो, याचा सगळ्यांत गाजलेला अभ्यास क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांचा. ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हे त्यांचं पुस्तक २००३ मध्ये आलं. चौदा नामांकित कॉलेजांकडे आलेल्या अर्जांचा हिशेब मांडून आणि गुणवत्ता सारखी धरून त्यांनी निष्कर्ष काढला की लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटी परीक्षेत सुमारे १०० गुण जास्त मिळाल्याइतका असतो. परीक्षा १,६०० गुणांची, हे लक्षात घेतलं तर हा फायदा लहान नाही. पण १,२०० वाल्याला तो १,५०० वर नेत नाही. काठावरच्याला ढकलून आत नेतो, दूर असलेल्याला नाही. ज्या कॉलेजात एरवी मुळीच आशा नाही तिथे अर्ली डिसिजन ‘लावून बघणं’ म्हणजे एकच असलेली संधी वाया घालवणं. हे मी जरा ठासून सांगतो, कारण हीच गल्लत सर्वांत जास्त होताना दिसते.

६. सही कशावर असते?

अर्ली डिसिजनच्या करारावर तिघांच्या सह्या लागतात: विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक. घरातला संवाद बहुधा एवढाच होतो: “बाबा, इथे तुमची सही हवीये.” “कशाला?” “काही नाही, फॉर्मॅलिटी आहे.” बाबांनी निदान तेव्हा तरी चष्मा लावावा.

महाराष्ट्रात तिसऱ्या सहीची वेगळीच गंमत होते. आंतरराष्ट्रीय शाळांत समुपदेशक असतो. एचएससीच्या साध्या कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा नसतो. मग उपप्राचार्यांना किंवा एखाद्या उत्साही प्राध्यापकाला ही भूमिका घ्यावी लागते. कॉमन ॲपवर खातं उघडणं, गुणपत्रिका चढवणं, शिफारसपत्र लिहिणं हे सगळं दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर येतं, हे आधीपासून डोक्यात ठेवलेलं बरं.

करार मोडला तर काय होतं? पोलीस येत नाहीत. कॉलेज विद्यार्थ्याला सहसा कोर्टातही खेचत नाही. पण शाळेचं नाव पणाला लागतं. न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या विद्यार्थ्याने माघार घेतल्यावर त्या शाळेच्या पुढच्या मुलांना वर्षभर अर्ली डिसिजनमधून वगळलं. म्हणजे दंड भरला तो खालच्या वर्गातल्यांनी. आणि समुपदेशकाला दरवर्षी त्याच कॉलेजांशी बोलायचं असल्याने तो अशा माघारीला सहसा साथ देत नाही.

सुटकेची एक वाट मात्र करारातच असते: कॉलेजने देऊ केलेली आर्थिक मदत पुरेशी नसेल आणि त्यामुळे शिकणंच शक्य नसेल, तर विद्यार्थी मोकळा होऊ शकतो. ही वाट खरी आहे, पण अरुंद आहे. ‘दुसरीकडे स्वस्त पडलं असतं’ हे कारण चालत नाही. मुळात दुसरीकडचा आकडा डिसेंबरात तुमच्या हातात नसतोच.

७. अकरावी, ऑक्टोबर आणि जेईई

लवकर अर्ज करणाऱ्याचं मोजमाप नववी ते अकरावीच्या गुणांवर होतं. बारावीचे गुण अजून आलेले नसतात, आले तरी पहिल्या चाचणीपुरते. आणि आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीच्या बोर्डाचा शीण घालवण्याचं वर्ष, असा सार्वत्रिक समज. दहावीत ९६ टक्के आणि अकरावीत ७१, अशी गुणपत्रिका अमेरिकेतल्या अधिकाऱ्यापुढे गेली की त्याला ती विश्रांती वाटत नाही, घसरण वाटते. अशा मुलाने बारावीच्या पहिल्या सत्रात गुण सावरून जानेवारीत अर्ज करणं जास्त शहाणपणाचं.

एसएटीचंही तसंच. १ नोव्हेंबरच्या अर्जासाठी ऑक्टोबरची परीक्षा बहुतेक ठिकाणी शेवटची धरतात. ऑगस्टमध्ये गुण मनासारखे आले नाहीत तर फार संधी उरत नाहीत. निबंधांचं काय होतं ते सांगायला नको: गणपतीत विषय सुचतो, नवरात्रात पहिला खर्डा होतो, ३१ ऑक्टोबरच्या रात्री अर्ज जातो. घाईत लिहिलेला निबंध लवकर पोचला म्हणून चांगला ठरत नाही.

याच्या उलट बाजूही आहे आणि ती भारतातल्या मुलांसाठी मोठी आहे. जेईईचं पहिलं सत्र जानेवारीत, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी त्यानंतर. डिसेंबरात एक पक्का होकार आला तर या सगळ्याचं ओझं उतरतं. बोर्डात गुण टिकवावेच लागतात, कारण कॉलेज अंतिम निकाल पाहतं आणि फार घसरण झाली तर प्रवेश रद्दही करू शकतं. पण तीन आघाड्यांवर लढायची गरज उरत नाही. हा फायदा टक्केवारीत मोजता येत नाही. घरातल्या झोपेत मोजता येतो.

८. डिसेंबरच्या मध्याला

निकाल तीन प्रकारचे असतात. होकार, नकार आणि ‘डिफर’, म्हणजे आत्ता निर्णय नाही, नेहमीच्या फेरीत पुन्हा पाहू. डिफर झालं की करारातून सुटका होते. पुढे मार्चमध्ये होकार आला तरी बंधन नाही.

नकार किंवा डिफर आलं आणि बाकीचे अर्ज कोरे असले, तर पंधरा दिवसांत आठ-दहा कॉलेजांचे निबंध लिहावे लागतात, तेही मन मोडलेलं असताना. म्हणून अर्ली डिसिजनचा अर्ज पाठवला की दुसऱ्या दिवसापासून पुढचे अर्ज लिहायला घ्यायचे. दुसऱ्या फेरीचा मोह याच दिवसांत पडतो. पहिलं आवडतं कॉलेज हुकलं, मग दुसऱ्याशी बांधून घ्यावं का? ते दुसरं कॉलेज ऑगस्टच्या यादीत खरोखर दुसरं होतं का, एवढं तपासून घ्यावं. डिसेंबरात दुखावलेल्या मनाने केलेली निवड एप्रिलमध्ये बऱ्याचदा गळ्याशी येते.

९. पैसा

आता मूळ मुद्दा.

अनेक नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं आणि जेवण, ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर वर्षाला साडेशहात्तर लाख, चार वर्षांना तीन कोटींहून थोडे जास्त. हा छापील आकडा झाला. प्रत्यक्षात कुणाला किती पडेल ते आर्थिक मदतीवर ठरतं, आणि मदत कॉलेजागणिक बदलते.

नेहमीच्या फेरीत हे उघड्यावर दिसतं. समजा, एप्रिलमध्ये एका मुलीच्या हातात दोन पत्रं आहेत. पहिलं कॉलेज ९०,००० डॉलर सांगतं, सवलत शून्य. दुसरं, मनाने जरासंच खाली असलेलं, गुणवत्तेची ३०,००० डॉलरची शिष्यवृत्ती देतं. चार वर्षांचा फरक १,२०,००० डॉलर, म्हणजे एक कोटी दोन लाख रुपये. या पैशांत तिचं पुढचं एमएस होईल, किंवा ताथवड्याचा प्लॉट विकावा लागणार नाही. तरीही पहिलंच निवडायचं असेल तर निवडावं. पण ती निवड तिने डोळ्यांनी पाहून केलेली असेल. नोव्हेंबरमध्ये पहिल्या कॉलेजशी बांधून घेतलं असतं तर दुसरं पत्र आलंच नसतं आणि काय हुकलं ते कधी कळलंही नसतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गुणवत्तेची शिष्यवृत्ती कॉलेज कशासाठी देतं? जो दुसरीकडे जाईल अशी भीती आहे त्याला ओढण्यासाठी. ज्याने आधीच ‘येतोच’ म्हणून लिहून दिलं त्याला ओढायला खर्च कशाला करायचा? हार्वर्ड, ब्राउन वगैरे आयव्ही लीगमधली कॉलेजं गुणवत्तेची शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त गरजेनुसार मदत देतात. त्यामुळे तिथे हा मुद्दा लागू नाही. पण जी देतात, त्यांच्याशी बोलताना सही करून मोकळं झालेल्याचा हात खालीच राहतो.

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या मराठी घरांना एक सोय आहे. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. २०११ पासून कायद्याने तो ठेवावाच लागतो. उत्पन्न, बचत, घर यांचे आकडे टाकले की आपल्याला साधारण किती पडेल ते कळतं. धंदा किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर अंदाज चुकू शकतो. तरी सही करण्याआधी तो न पाहणं म्हणजे किंमत न विचारता घर घेणं.

भारतातून अर्ज करणाऱ्याला हा कॅल्क्युलेटर फारसा उपयोगी नाही, कारण तो अमेरिकी अर्जदारांसाठी बेतलेला असतो. त्याला दुसरी अडचणही आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी मोजकी कॉलेजं परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. ब्राउननेही २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून हे धोरण घेतलं. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयातच धरली जाते. मदत मागितली तर शक्यता कमी होते आणि मागितली नाही तर पूर्ण फी. ‘आधी आत जाऊ, मग मागू’ हा आपला देशी विचार इथे धोक्याचा आहे, कारण अर्ज करताना मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजांत पुढच्या वर्षी मागताच येत नाही.

यात मधल्या मध्ये सापडतात ती एच-४ व्हिसावरची मुलं. वडील किंवा आई नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी वर्षानुवर्षांची. मूल तिसरीपासून एडिसनच्या शाळेत शिकलेलं, शनिवारी मराठी शाळेत जाणारं, पण अमेरिकी केंद्र सरकारच्या मदतीला अपात्र आणि बऱ्याच खासगी कॉलेजांच्या हिशेबात परदेशी. शेजारच्या नागरिक मित्राने ज्या कॉलेजात अर्ली डिसिजन केलं, तेच याने केलं तर दोघांच्या घरात येणारं बिल सारखं नसेल. अशा घरांनी मित्राचं पाहून काहीच ठरवू नये. राज्याच्या सरकारी विद्यापीठात रहिवासी दराने फी लागते का, हे आधी तपासावं. अनेक राज्यांत लागते. मग तो आकडा खाली लिहून त्याच्या वर खासगी कॉलेजचा लिहावा.

परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहणाऱ्या कॉलेजांच्या वरच्या यादीतून एक गंमतीची गोष्ट दिसते. सर्वांत उदार असलेल्या या कॉलेजांतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी यांपैकी कुणीच विद्यार्थ्याला बांधून घेत नाही. तिथे लवकर अर्ज करून होकार मिळाला तरी एप्रिलमध्ये तुलना करता येते. बांधून घेणाऱ्यांत ब्राउन, डार्टमथ, ॲम्हर्स्ट, बोडिन यांची गरजेनुसार पूर्ण मदत असल्याने तिथली जोखीम कमी. जोखीम वाढत जाते ती फी मोठी, मदत मर्यादित आणि बांधिलकी पूर्ण, अशा कॉलेजांपाशी. आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत अशीच कॉलेजं संख्येने जास्त आहेत.

तेव्हा घरात क्रम असा ठेवावा. ऑगस्टमध्ये, मुलाने कॉलेजच्या प्रेमात पडण्याआधी, आईबाबांनी एक आकडा कागदावर लिहावा: वर्षाला किती देऊ शकतो, कर्जासह आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण धरून. तो मुलाला दाखवावा. आपल्याकडे हे बोलायचा संकोच असतो, ‘तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू’ असं म्हणायची रीत आहे. इथे ती रीत महागात पडते. मग सप्टेंबरमध्ये ज्या कॉलेजशी बांधून घ्यायचा विचार आहे त्याच्या आर्थिक मदत कार्यालयाला ई-मेल करावा. ही कार्यालयं उत्तर देतात, आणि लहान कॉलेजांपैकी काही तर अर्जाआधीच मदतीचा अंदाजही देतात. विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का? गरज ठरली तर ती पूर्ण भागवता की काही भाग? मदतीत कर्ज किती आणि अनुदान किती? पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर नंतर मागता येते का? आणि फी दरवर्षी वाढते तशी मदतही वाढते का?